तेच काम, आजचा भाव: इंजिनिअरच्या फीची वाढ मोजायची कशी?

बेळगावात घर बांधायला काढलं की आरसीसी डिझाईनची फी तीन तऱ्हांनी कानावर येते. टिळकवाडीतलं एखादं ऑफिस स्क्वेअर फुटामागे दर सांगतं, दुसरं बांधकाम खर्चाच्या टक्क्यांत बोलतं, तिसरं प्लॅनवर नजर टाकून ‘सगळं मिळून एवढे’ असा ठोक आकडा लिहून देतं. खानापूर-निपाणीकडे चौथी तऱ्हाही भेटते: डिझाईनचे वेगळे आणि साईटवरच्या प्रत्येक खेपेचे वेगळे. अशात कुणी विचारलं, की गेल्या पाच वर्षांत इंजिनिअरची फी किती टक्क्यांनी वाढली, तर उत्तर कशाच्या आधारावर द्यायचं?

हे उत्तर हवं असणारे बरेच आहेत. राष्ट्रीय उत्पन्न मोजणाऱ्यांना ते आधी लागतं. समजा, सगळ्या सल्लागार फर्मची मिळून बिलं एका वर्षात १२ टक्क्यांनी वाढली. फीच १२ टक्क्यांनी वाढली असेल, तर काम होतं तेवढंच राहिलं, आकडे तेवढे फुगले. फी ४ टक्केच वाढली असेल, तर १.१२ ला १.०४ ने भागायचं. प्रत्यक्ष काम सुमारे ७.७ टक्क्यांनी वाढलं. ज्या संख्येने भागलं ती किंमत निर्देशांकातून येते, म्हणजे पायाभूत वर्षातला भाव १०० धरला तर आजचा किती हे सांगणाऱ्या आकड्यातून. ती चुकली की त्या क्षेत्राच्या वाढीचा आकडाही चुकतो, आणि चुकला हे कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरी गरज टेंडरवाल्यांची. दोन-तीन वर्षं चालणाऱ्या कामात फी वाढवून द्यायची तर किती, हा त्यांचा प्रश्न. तो शेवटी घेऊ.

वस्तूंच्या बाबतीत हे मोजमाप तुलनेने सोपं असतं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कास्टिंगचा किलोचा भाव विचारा. तीन महिन्यांनी परत जा. तोच पॅटर्न, लोखंडाचा तोच ग्रेड, तेच वजन, तोच भाव पुन्हा विचारा. दोन भावांतला फरक म्हणजे किंमतवाढ. इंजिनिअरिंगच्या सेवेत ही सोय नाही, कारण तेच काम पुन्हा येतच नाही. बैलहोंगल-अथणीच्या बाजूला काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथल्या फुटिंगचा विचार वेगळा. खानापूरकडे जांभा लागला की हिशेब बदलतो. एकाच गल्लीतली दोन घरंसुद्धा जिना कुठे आणि टाकी कुठे यावरून वेगळी होतात. गेल्या वर्षी ३० हजार घेतले आणि यंदा ४५ हजार, एवढ्यावरून भाव दीडपट झाला असं म्हणता येत नाही. यंदाचं घरच मोठं असेल.

म्हणून या विषयाचा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी आहे. काम जागच्या जागी धरून ठेवायचं आणि फक्त भाव हलू द्यायचा.

जगात यावर बरंच डोकं लावलेलं आहे. सेवांची आकडेवारी कशी गोळा करायची यावर विचार करणाऱ्या निरनिराळ्या देशांच्या सांख्यिकी अधिकाऱ्यांची पहिली बैठक १९८७ साली नेदरलँड्समधल्या व्होरबुर्ग गावी भरली. त्या गावाच्या नावाचा गट आजही चालू आहे. जपानची मध्यवर्ती बँक १९९१ पासून कंपन्यांनी एकमेकींना दिलेल्या सेवांचा निर्देशांक काढते. ओईसीडी ही विकसित देशांची संघटना आणि युरोस्टॅट हे युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय यांनी मिळून २००५ मध्ये सेवांच्या उत्पादक किंमत निर्देशांकाची, म्हणजे विकणाऱ्याला मिळणारा भाव मोजणाऱ्या निर्देशांकाची, मार्गदर्शिका काढली आणि २०१४ मध्ये ती सुधारली. आपल्याकडे ज्या घाऊक किंमत निर्देशांकाच्या बातम्या येतात, त्याच्या २०११-१२ या पायाभूत वर्षाच्या मालिकेत ६९७ वस्तू आहेत. सगळ्या वस्तूच, सेवा एकही नाही. देशाच्या उत्पन्नात सेवांचा वाटा निम्म्याहून जास्त असताना ही स्थिती. घाऊक निर्देशांकाकडून उत्पादक किंमत निर्देशांकाकडे कसं जायचं हे ठरवण्याचं काम बी. एन. गोल्डर यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यगटाकडे दिलं होतं. २०२५ च्या जानेवारीत नीती आयोगाचे सदस्य रमेश चंद यांच्या अध्यक्षतेखाली नव्याने गट नेमला, त्याच्याही कामाच्या यादीत हा विषय आहे.

आता मोजायच्या पद्धतींकडे येऊ. पुढच्या उदाहरणांतले रुपये समजावण्यापुरते घेतलेले आहेत, बाजारभाव म्हणून कुणी धरू नयेत.

सगळ्यात सोपी वाटणारी पद्धत तासाच्या दराची. मोठ्या कन्सल्टन्सी फर्म सीनियर इंजिनिअरचा तासाचा दर एवढा, ज्युनिअरचा एवढा, ड्राफ्ट्समनचा एवढा असं बिल लावतात. दर तिमाहीला ते दर विचारायचे, झालं. पण यात खोट आहे. समजा, एका घराच्या डिझाईनला ४० तास लागत आणि दर ५०० रुपये होता. फी झाली २० हजार. पुढे ऑफिसने चांगलं सॉफ्टवेअर घेतलं, पोरं त्यावर तयार झाली, आणि तेच काम २५ तासांत होऊ लागलं. दर वाढून ७०० झाला. फी झाली १७,५००. तासाचा दर ४० टक्क्यांनी वाढला आणि घरमालकाच्या दृष्टीने सेवा साडेबारा टक्क्यांनी स्वस्त झाली. तासाच्या दरावर निर्देशांक बेतला तर तो उलटी दिशा दाखवेल. मालक तास विकत घेत नाही, ड्रॉइंगं विकत घेतो. ज्या देशांना दुसरी सोय परवडत नाही ते ही पद्धत वापरतात, आणि कामाचा वेग बदलला नाही असं मनाशी धरून चालतात.

याच पद्धतीत आणखी एक खड्डा आहे. सीनियरचा दर १,५०० आणि ज्युनिअरचा ५००. एका तिमाहीत दोघांचे तास निम्मे-निम्मे होते, सरासरी आली १,०००. पुढच्या तिमाहीत सीनियर साहेब लग्नसराईत अडकले, ८० टक्के तास ज्युनिअरचे झाले. सरासरी आली ७००. कुणाचाच दर एक पैशाने बदललेला नाही आणि कागदावर ३० टक्क्यांची घसरण! म्हणून एकूण बिल भागिले एकूण तास हा आकडा कुणी फेकला, तर आधी तास कुणाचे ते विचारावं. प्रत्येक दर्जाचा दर वेगळा घ्यायचा आणि त्यांचं प्रमाण पायाभूत काळातलं कायम ठेवायचं, हा त्यावरचा उपाय.

टक्केवारीची पद्धत तर मला सगळ्यात फसवी वाटते, कारण तिच्यात भाव नजरेसमोर असून दिसत नाही. २,००० स्क्वेअर फुटांचं घर, बांधकाम १,५०० रुपये फुटाने; खर्च ३० लाख. इंजिनिअरने २ टक्के घेतले, म्हणजे ६० हजार. काही वर्षांनी तसंच घर २,२०० च्या भावाने ४४ लाखांना पडतं. स्पर्धा वाढल्यामुळे इंजिनिअर आता पावणेदोन टक्क्यांवर आला. कुणालाही वाटेल, फी कमी झाली. पण ४४ लाखांचे पावणेदोन टक्के म्हणजे ७७ हजार. त्याच घराच्या त्याच डिझाईनची किंमत २८ टक्क्यांनी वाढली. सळी आणि सिमेंट महागलं, आणि त्या महागाईवर स्वार होऊन फीही वर गेली. इंजिनिअरने जास्त काही केलेलं नाही. त्याच्यावर आरोप करण्यातही अर्थ नाही, पद्धतच तशी आहे. सांख्यिकीवाले म्हणून टक्केवारी एकटी घेत नाहीत. पायाभूत वर्षातलं घर बांधकाम खर्चाच्या निर्देशांकाने आजच्या किमतीला आणायचं, त्यावर आजची टक्केवारी लावायची, आणि जी रक्कम येते तिची जुन्या रकमेशी तुलना करायची. बांधकामाचे भाव पडले तर याच न्यायाने टक्केवारी न बदलताही फी उतरते.

उरते ती कल्पित कामाची, म्हणजे मॉडेलची पद्धत. माझं मत विचाराल तर कष्टाची असली तरी सरळ हीच. कर्नाटकात प्लॉटचं माप म्हटलं की ‘थर्टी-फोर्टी’ हे ठरलेलंच. तीस बाय चाळीस फुटांची साईट. तीच घेऊ. तळमजला आणि वर एक मजला. चौदा कॉलम. मातीची भारक्षमता दिलेली. वर पाण्याची टाकी, जिन्यावर खोली. इंजिनिअरने द्यायचं काय, तर फुटिंग, कॉलम, बीम आणि स्लॅबची ड्रॉइंगं, बार बेंडिंग शेड्युल (कुठली सळी किती लांब कापायची आणि कशी वाकवायची याचा तक्ता), आणि साईटवर ठरलेल्या खेपा: फुटिंगची जाळी बांधल्यावर एक, प्लिंथला एक, प्रत्येक स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी एक. हे सगळं कागदावर पक्कं करायचं आणि दर तिमाहीला त्याच त्या ऑफिसांना विचारायचं: ही ऑर्डर आज आली तर काय फी लावाल?

‘आज’ या शब्दावर सगळा भर आहे. ऑफिसात कामाची रीघ असेल तर इंजिनिअर नफा जास्त धरेल. मंदी असेल, ड्राफ्ट्समन रिकामे बसले असतील, तर पगार निघाला तरी पुरे म्हणून कमी सांगेल. तो फरक निर्देशांकात आलाच पाहिजे. खर्च अधिक ठरलेला नफा असा हिशेब करून आकडा काढला तर बाजाराचा चढउतार गायब होतो. अडचण अशी, की घर कल्पित असल्याने समोर घासाघीस करणारा मालक नसतो. विचारणारा सरकारी, उत्तर देणारा गडबडीत. मग गेल्या तिमाहीचा आकडा तसाच पुढे ढकलला जातो. सलग चार तिमाह्या एकच आकडा आला की फोन करून खोदून विचारावं लागतं. मॉडेलही शिळं होतं. लोक दोन मजल्यांवरून तीनवर गेले, खाली पार्किंग सोडू लागले, तर जुनं घर कुणी बांधतच नाही. मग नवं मॉडेल आणून एक तिमाही दोन्हींची किंमत एकदम विचारायची आणि साखळी जोडायची, म्हणजे तिथपर्यंतची वाढ जुन्या मॉडेलची आणि पुढची नव्याची.

छापील दर आणि खरा दर यांतलं अंतरही ध्यानात ठेवायला हवं. निर्देशांकाला लागते ती सूट-सवलत वजा जाऊन हातात पडणारी रक्कम. आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आणि त्याखालची परिषद आहे, फीचं परिमाणही आहे. प्रत्यक्षात तेवढी फी किती जणांना मिळते हे ज्याचं त्याला माहीत. इंजिनिअरांसाठी देशपातळीवर तसा कायदाच नाही. अमेरिकेत इंजिनिअरांच्या संघटनेने आचारसंहितेत फीवर स्पर्धात्मक बोली लावायला मनाई केली होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध ठरवली. थोडक्यात, भिंतीवर टांगलेला दर पाहून बाजार कळत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. कामाचा दर्जा बदलला तर?

बेळगाव भूकंपाच्या दृष्टीने तिसऱ्या झोनमध्ये येतं, असं आय. एस. १८९३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीतली गावांची यादी सांगते. त्याच वर्षी आय. एस. १३९२० हे भूकंपरोधक बांधणीचं मानकही सुधारलं आणि कॉलमची सगळ्यात लहान बाजू निदान ३०० मिलिमीटर असावी असं त्यात आलं. तोवर घराघरांत नऊ इंची कॉलम चालत होता, म्हणजे २३० मिलिमीटर. भिंतीच्या जाडीत अगदी झाकून जाणारा. आता तो पावणेतीन इंच भिंतीबाहेर येतो. कपाट बसत नाही, बेडरूमचा कोपरा खटकतो, म्हणून मालक वैतागतो. इंजिनिअरला आर्किटेक्टसोबत बसून कॉलम पुन्हा मांडावे लागतात, जोडांतल्या रिंगांचं तपशीलवार ड्रॉइंग द्यावं लागतं, आणि सेंट्रिंगवाल्याला साईटवर उभं राहून समजवावं लागतं. फी वाढते. मालक म्हणतो, “साहेब, गेल्या खेपेला भावाचं घर तीस हजारात केलासा की! आता छत्तीस कशाला?”

भाव ३० वरून ३६ झाला, म्हणून २० टक्के महागाई असं लिहून टाकायचं का? सांख्यिकीवाला इंजिनिअरला वेगळाच प्रश्न विचारतो: जुन्या मानकाप्रमाणे तेच घर आज डिझाईन केलं असतं तर किती घेतले असते? तो म्हणाला ३३ हजार, तर भाववाढ १० टक्के. वरचे ३ हजार हे जास्तीच्या कामाचे; ते सेवेच्या वाढलेल्या मात्रेत मोजायचे. यावर वाद होऊ शकतो आणि होतोही. मालकाने जास्तीचं काही मागितलेलं नव्हतं, मानकाने त्याच्या गळ्यात घातलं. त्याच्या खिशाच्या दृष्टीने ते महागच. पण उत्पादक किंमत निर्देशांक विकणाऱ्याच्या बाजूने बघतो, आणि विकणाऱ्याने खरोखरच जास्त काम दिलेलं असतं.

सीमाभागात दर्जाच्या या प्रश्नाला एक खास पदर आहे. इथल्या लहान ऑफिसांत डिझाईन आणि कागदपत्रं यांची गाठ मारलेली असते. मालक मराठी, अर्ज कानडीत. गावठाणातली जागा असेल तर ई-स्वत्तूचे (ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचे) नऊ आणि अकरा नंबरचे फॉर्म, शहरात असेल तर ई-खाता, म्हणजे तिथली तशीच नोंद, मग बांधकाम परवाना. ज्याला कानडी वाचता येत नाही तो हे सगळं इंजिनिअरच्या ऑफिसवर सोपवतो, आणि बहुतेकदा त्याचे वेगळे पैसे न लावता ते ठोक रकमेतच धरलं जातं. आता समजा, फी तीच राहिली पण ऑफिसने सांगितलं, “खात्याचं तुम्हीच बघा.” दिसायला भाव स्थिर, प्रत्यक्षात वाढ, कारण त्याच पैशांत काम कमी मिळालं. उलट एखाद्याने फी थोडी वाढवून कागदपत्रांची जबाबदारी अंगावर घेतली, तर ती वाढ सगळीच महागाई नव्हे. म्हणून मॉडेल लिहिताना ‘यात काय काय येतं’ हा रकाना सगळ्यात लांब असावा लागतो.

वेगवेगळ्या सेवांचे भाव मिळाले की त्यांची मोट बांधायची. एटिएन लास्पेयर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये मांडलेलं सूत्र आजही त्यासाठी चालतं: पायाभूत वर्षात ज्या सेवेवर जेवढा खर्च झाला तेवढं तिला वजन. डिझाईनला ५०, साईट देखरेखीला ३०, माती-काँक्रीट चाचणीला २० असं वजन धरलं आणि त्यांचे भाव अनुक्रमे ११०, १२० आणि ९५ वर आले, तर ५५ अधिक ३६ अधिक १९, म्हणजे निर्देशांक ११०. पण एकाच सेवेच्या आतले भाव एकत्र करताना साधी सरासरी टाळलेली बरी. एका ऑफिसने फी दुप्पट केली आणि दुसऱ्याने निम्मी, तर साधी सरासरी १२५ दाखवते, गुणोत्तर सरासरी (दोन्ही आकडे गुणून त्यांचं वर्गमूळ) १००. गुणोत्तर सरासरीवर एखाद्या टोकाच्या आकड्याचा तेवढा जोर चालत नाही.

जीएसटीचं थोडक्यात. उत्पादक किंमत म्हणजे कर वजा जाऊन विकणाऱ्याकडे राहणारी रक्कम. २०१७ च्या १ जुलैला इंजिनिअरिंग सेवांवरचा १५ टक्के सेवाकर जाऊन १८ टक्के जीएसटी आला. मालकाचं बिल वाढलं, पण या निर्देशांकाला त्याची दखल घ्यायचं कारण नाही. निपाणीच्या ऑफिसने महाराष्ट्रातल्या कागलचं काम घेतलं तर आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य कर, कर्नाटकातल्याच चिक्कोडीचं घेतलं तर केंद्र आणि राज्य अशा दोन भागांतला कर. निर्देशांकाच्या लेखी दोन्ही सारखेच.

परदेशी ग्राहकांसाठी इथे बसून कॅडचं, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंगं काढायचं, काम करणाऱ्यांचं मात्र वेगळं. तासाला २५ डॉलर असा करार असेल, तर डॉलर ७५ रुपयांचा असताना १,८७५ रुपये मिळतात, ८५ चा झाला की २,१२५. कराराचा कागद तोच, रुपयातला भाव १३ टक्क्यांनी वर. देशांतर्गत काम आणि निर्यात यांचे निर्देशांक वेगळे ठेवले नाहीत, तर रुपयाची घसरण हीच इंजिनिअरची भाववाढ म्हणून वाचली जाते.

आणि आता ते टेंडर. कालवा, पाणीपुरवठा, रस्ता असल्या कामांवर देखरेखीसाठी सल्लागार नेमला की करार वर्षानुवर्षं चालतो. जागतिक बँकेच्या नमुना करारात तासावारी काम १८ महिन्यांच्या पुढे जाणार असेल तर मोबदल्याचे दर निर्देशांकाला बांधायची सोय आहे. मूळ दराला आजच्या निर्देशांकाने गुणायचं आणि करारावेळच्या निर्देशांकाने भागायचं. सूत्र शाळकरी आहे, भांडण होतं ते निर्देशांक कुठला यावर. सल्लागाराच्या खर्चात मुख्य भाग पगाराचा. घाऊक निर्देशांकात पगार कुठेच नाही. तिथे पोलाद, डिझेल, कांदा. कांदा महागला म्हणून साईट इंजिनिअरचा दर वाढवायचा, आणि पोलाद स्वस्त झालं म्हणून कापायचा, असा प्रकार होतो. सेवांचा स्वतंत्र निर्देशांक येईपर्यंत ग्राहक किंमत निर्देशांक धरणं त्यातल्या त्यात बरं, कारण पगार निदान त्याच्या मागून तरी चालतो. करारावर सही करताना निर्देशांकाचं नाव, त्याचं पायाभूत वर्ष आणि मूळ दर कुठल्या महिन्याचा, या तिन्ही गोष्टी कलमात लिहून घ्याव्यात. मालिकेचं पायाभूत वर्ष मध्येच बदललं तर जुनी आणि नवी मालिका कुठल्या गुणकाने जोडायची, तेही त्याच कलमात.